अठरानंतर आईची सही चालत नाही

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये 'काळजीवाहक' या शब्दाची व्याख्या आहे. पगारी असो वा बिनपगारी, आईवडील आणि घरातले सगळे त्यात येतात. कलम २४ मध्ये काळजीवाहक भत्त्याचा उल्लेखही आहे. केरळने आश्वासकिरणम योजनेत काळजी घेणाऱ्यासाठी महिन्याला ६०० रुपये ठेवले (एवढ्यात डायपरही भागत नाहीत, पण निदान तिच्या नावाने!). आपल्याकडे संजय गांधी निराधार योजनेचे पैसे दिव्यांगाच्या नावे येतात. त्याला उठवणारी-भरवणारी बाई कागदावर कुठेच नसते.

पण खरं अडतं ते सहीवर. बौद्धिक अक्षमता असलेला मुलगा १८ वर्षांचा झाला की सातबाऱ्यावरच्या 'अ.पा.क.'ला (अज्ञान पालनकर्ता, म्हणजे अल्पवयीनाचा पालक म्हणून आईवडिलांची नोंद) काही अर्थ उरत नाही. त्याच्या नावची एफडी मोडायला गेलं की बँक पालकत्वाचा दाखला मागते आणि वर 'कोर्टातून आणा' म्हणून सांगते. दरवेळी कोर्टाची गरज नसते. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. पुणेकरांचा अर्जही त्याच समितीकडे.

त्याआधी यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) हातात हवं, आणि त्यावरचा दिव्यांगत्वाचा प्रकार नीट वाचून घ्या. तिथे नुसतं 'मानसिक आजार' लिहिलेलं असेल तर हा कायदा लागूच होत नाही. आधार आणि जन्मदाखल्यावरची नावं, तारखाही आधीच जुळवून ठेवा.

नेमणूक झाली की काम संपलं, असं नाही. ६ महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर ३ महिन्यांत हिशोब. हे बहुतेक जण विसरतात.

डिमेन्शिया (म्हातारपणचा स्मृतिभ्रंश) त्या चारांत नाही. म्हणून लोक आजोबांकडून मुखत्यारपत्र करून घेतात आणि निर्धास्त होतात. करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे लिहून देणाऱ्याची समज गेली की साधं मुखत्यारपत्रही संपतं. नेमकी गरज पडते तेव्हाच! मग पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालय गाठावं लागतं. त्यामुळे समज शाबूत आहे तोवर बचत खातं 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कुणाही एकाच्या सहीने चालणारं) करून घ्या. एफडीला तेवढ्यावर भागत नाही. मुदतीआधी मोडताना बँक सहसा दोघांच्याही सह्या मागते, म्हणून एकच मोठी ठेव नको; छोट्या, कमी मुदतीच्या चार-पाच पावत्या कराव्यात.