उसण, सुया आणि दवणा

गेल्या आषाढातली गोष्ट. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये पंपाच्या बॉडीचं कास्टिंग मी एकट्यानं उचललं. ३५-४० किलोचं असेल. वाकून, कमरेतनं वळून ते लेथवर ठेवायला गेलो आणि अशी कळ आली की बंद मशीनचा चक धरून तसाच उभा राहिलो.

"उसण भरली मालक," आमचा जुना टर्नर म्हणाला. उसण म्हटलं की आमच्याकडं पायाळू माणूस शोधतात. शेजारच्या गाळ्यात एक होता, त्यानं तीनदा कमरेला पाय लावला. मी भक्तिभावानं लावून घेतला. पण चौथ्या दिवशी डाव्या कुल्ल्यातनं पोटरीमार्गे पार अंगठ्यापर्यंत वीज उतरल्यासारखी कळ जायला लागली.

एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी मागं आलेली दिसली. गादी सरकली म्हणतात, पण ती सरकत नाही. बाहेर चिवट कड्यांचं आवरण, आत मऊ गर. फ्लँजमधलं, म्हणजे पाइपांच्या जोडातलं, पॅकिंग एका बाजूनं जास्त आवळलं की दुसऱ्या बाजूनं बाहेर येतं, तसा तो गर मागं येऊन नसेला लागतो. पायात जाणारी कळ यामुळं असते हे मिक्स्टर आणि बार या दोन अमेरिकन डॉक्टरांनी १९३४ मध्ये मांडलं. माझी मुलगी फिजिओथेरपीला आहे, तिनं हे सगळं मला वहीवर काढून दाखवलं. त्याच पानावर लाल पेननं तीन गोष्टी लिहिल्या: लघवी अडली, मांड्यांच्या मधला भाग बधीर झाला किंवा पाऊल उचलेना, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. ते पान अजून आमच्या कपाटाला चिकटवलेलं आहे. तुमच्या घरी कुणाची कंबर धरली असेल तर तेवढं नक्की लिहून ठेवा.

बहुतेकांची ही कळ दीड ते तीन महिन्यांत ऑपरेशनशिवाय कमी होते, बाहेर आलेला गर पुष्कळदा शरीरच जिरवतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण तोवर झोप कशी लागायची? रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मी भिंतीला धरून उभा असायचो. तेव्हा बायकोच्या मावशींनी राजारामपुरीतल्या ॲक्युपंक्चरवाल्या डॉक्टरांकडं नेलं.

सुया केसासारख्या बारीक, प्रत्येक वेळी नवं पाकीट फोडून. कमरेला चार, कुल्ल्यावर एक, आणि एक गुडघ्याच्या मागं घडी पडते तिथं मधोमध. त्या जागेला वेईचोंग म्हणतात. कंबर-पाठ दुखली तर वेईचोंगला शरण जा, अशी चिनी वैद्यांची जुनी म्हणच आहे. सुई लागल्यावर टोचल्यापेक्षा जड, ठणकल्यासारखं वाटतं. ते आलं तरच जागा बरोबर, असं ते मानतात.

चीन म्हटलं की मला आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस आठवतात. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक तिकडं गेलं, त्यात ते होते. १९४२ मध्ये तिकडंच वारले. त्याच पथकातल्या डॉ. बिजॉयकुमार बसू यांनी पुढं चीनमध्ये ही विद्या शिकून भारतात रुजवली. त्या टेबलावर पालथं पडल्यावर हे आठवून मला फार बरं वाटायचं.

तिसऱ्या वेळी राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी एक जाड कांडी पेटवून कमरेजवळ धरली, कातडीला न लावता. धुराचा वास आला आणि मला जोतिबाचा डोंगरच आठवला. विचारलं, तर ती कांडी दवण्याच्याच कुळातल्या पाल्याची निघाली. चैत्र यात्रेला देवाला वाहतो त्या दवण्याची चिनी बहीण! मग पेले लावले. ती तर आपली तुंबडीच, फक्त शिंगाच्या जागी काच.

कळ गेली का? प्रत्येक वेळी चार-पाच तास हलकी व्हायची. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनं २०१७ मध्ये कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चरला मान्यता दिली, तर ब्रिटनमध्ये कुठले उपचार द्यावेत ते सांगणाऱ्या नाइस संस्थेनं २०१६ मध्ये ते देऊ नका म्हटलं. माझं मत एवढंच, की सुयांनी गादी आत गेली नाही. त्यांनी मला चालायला वेळ दिला. ते चार-पाच तास मी झोपून घालवले असते तर पैसे वाया गेले असते. सुया झाल्या की थेट रंकाळ्यावर जायचो. पहिल्या दिवशी दहा मिनिटं, मग हळूहळू वाढवत.

दुसरं, पालथं पडून कोपरांवर छाती उचलायची, भुजंगासनासारखी. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेंझी यांना १९५० च्या दशकात याची वाट अशीच सापडली: पायात कळ असलेला एक पेशंट चुकून पाठ मागं वाकेल असा पालथा झोपून राहिला आणि त्याचा पाय मोकळा झाला. सगळ्यांना हे चालत नाही. खूण अशी की कळ पायातनं वर सरकत कमरेकडं आली तर बरोबर चाललंय, मग कमर थोडी जास्त दुखली तरी चालेल. उलट खाली उतरायला लागली तर तिथंच थांबा. मी रोज रात्री वहीत लिहायचो: अंगठा, पोटरी, मांडी, कुल्ला. सहाव्या आठवड्यात पोटरी संपली.

काढ्याबद्दल मात्र हात जोडून सांगतो. दुहुओ जीशेंग तांग नावाचा कंबरेचा काढा तांग राजवटीतल्या सुन सिमियाओंच्या ग्रंथातला आहे. त्यात दुझोंग नावाची साल असते; मोडली की आतनं रेशमासारखे चंदेरी धागे ताणले जातात. वाचायला सुंदर. पण कुणीतरी कुरिअरनं मागवून दिलेली, नुसती चिनी अक्षरं असलेली बाटली मी परत दिली. ब्रसेल्समध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वजन कमी करायच्या औषधात एका चिनी मुळीच्या जागी दुसरीच विषारी मुळी गेली आणि कित्येक बायकांच्या किडन्या निकामी झाल्या. राजारामपुरीतले डॉक्टरही म्हणाले, "आत काय आहे ते कळत नसेल तर पोटात घालू नका."

आता वर्कशॉपमध्ये चेन ब्लॉक, म्हणजे साखळीनं वजन उचलायचा कप्पी, बसवलाय. २० किलोच्या वरचा जॉब हातानं उचलायचा नाही, मीही नाही आणि पोरांनीही नाही. यंदा चैत्रात जोतिबाला गेलो तेव्हा दवण्याच्या दोन पेंढ्या घेतल्या. एक देवाला वाहिली, दुसरी राजारामपुरीत नेऊन दिली.