जन्मदाखल्यावरचं माहेरचं नाव

माझ्या लेकीच्या जन्मदाखल्यात आईचं म्हणून जे नाव आहे, ते माझ्या पासपोर्टवर कुठेच नाही.

झालं असं की, पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून २००० साली मी वर्ध्याला होते. दवाखान्याच्या खिडकीपाशी भाऊ उभा होता. बाळाच्या आईचं नाव विचारल्यावर त्याने आयुष्यभर ज्या नावाने मला हाक मारली तेच सांगितलं, वर आमच्या बाबांचं नाव आणि माहेरचं आडनाव. माझं तर लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं होतं. नाव, मधलं नाव, आडनाव, तिन्ही बदललेली. चोवीस वर्षं हे कुणाला खुपलं नाही. २०२४ मध्ये लेकीला भेटायला जर्मनीला जायचं ठरलं, तेव्हा पहिल्यांदा तो दाखला मी नीट वाचला आणि पोटात गोळा आला. मी तिची आई आहे हे आता कागदावर दाखवायचं होतं, आणि कागद भलतंच सांगत होता.

लेक जर्मनीतल्या आखेन शहरात मास्टर्स करत होती. सासूबाई ८४ वर्षांच्या, त्यामुळे ह्यांना घर सोडता येत नव्हतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून २०२३ ला निवृत्त झालेली, पेन्शनर. एकटीच जाणार होते.

आधी एका एजंटकडे गेले. दाखला पाहून तो म्हणाला, "मॅडम, मुलीचं नावच काढू नका. पर्यटक म्हणून दाखवू, हॉटेलचं बुकिंग लावून देतो." घरी येऊन मी लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, अजिबात नाही. तू मला भेटायला येते आहेस ना, मग तेच लिहायचं." शेजारच्या काकूंचंही तेच म्हणणं, "खरं सांगितल्यावर काहून नाही देणार बाप्पा व्हिसा!" त्या दिवशी ठरवलं, अर्ज आपणच भरायचा. ज्यांच्या घरी असाच नावाचा घोळ असेल (विदर्भात, खरं तर अख्ख्या महाराष्ट्रात, अशा बाया घरोघरी सापडतील), त्यांना माझी एवढीच विनंती आहे की खोटं काही लावू नका. नावाचा घोळ समजावून सांगता येतो. हॉटेलचं खोटं बुकिंग उघडं पडलं तर तुमच्या खऱ्या कागदांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

दाखला दुरुस्त करायचा तर जिथे नोंद झाली तिथे, म्हणजे वर्ध्याला, जावं लागणार होतं. वेळ नव्हता, म्हणून मी तो तसाच ठेवला आणि त्याला जोडसाखळी केली. नोकरी लग्नाआधीची असल्याने सेवापुस्तकात नाव बदलताना महाराष्ट्र शासन राजपत्रात जाहिरात दिली होती. तो पिवळा पडलेला कागद कपाटाच्या तळाशी, सेवापुस्तकाच्या झेरॉक्सच्या घडीत सापडला. जुनं नाव आणि नवं नाव एकाच ओळीत. त्याला लग्नाच्या नोंदणीचा दाखला आणि दोन्ही नावांची बाई एकच असल्याचं नोटरीकडचं प्रतिज्ञापत्र जोडलं. चौथी गोष्ट लेकीने सुचवली. तिच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांचं आणि आईचं नाव होतं, आणि आईचं म्हणून तिथे माझं सासरचं नाव होतं. त्या पानाची प्रत लावली. मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरं करून घेतली. दाखल्यापासून पासपोर्टपर्यंत एकेक कडी जुळली तेव्हा त्या रात्री मला शांत झोप लागली.

पैशाचं म्हणाल तर जर्मनीत राहणारा माणूस पाहुण्याच्या खर्चाची हमी तिथल्या कार्यालयात लिहून देऊ शकतो, पण त्याला स्वतःचं उत्पन्न दाखवावं लागतं. लेकीकडे ते नव्हतं. ती गेली त्या वर्षी तिच्यासाठीच आम्ही ११,२०८ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (विद्यार्थ्याच्या खर्चासाठीचं खातं, त्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) भरले होते. त्यामुळे माझा खर्च मीच दाखवला. पेन्शनचा आदेश, आयकर विवरणपत्र, बँकेचा शिक्का मारलेलं स्टेटमेंट. भविष्य निर्वाह निधीची रक्कम त्याच खात्यात एकदम जमा झालेली होती, तर ती कुठून आली याचा कागदही सोबत दिला. अर्ज करायच्या आठवड्यात कुणाकडून तरी पैसे घेऊन खातं फुगवू नका.

लेकीने निमंत्रणाचं पत्र, विद्यापीठाचा नोंदणी दाखला, तिचं निवास परमिट, पत्त्याची नोंद आणि खोलीचा करार पाठवला. प्रवासाचा वैद्यकीय विमा निदान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपातल्या देशांत) चालणारा लागतो. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध आणि दोन पानं कोरी असलेला हवा. तिकिटाचं फक्त आरक्षण दाखवलं, व्हिसा हातात आल्यावरच पैसे भरले.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो सोबतच्या पत्राला. मी परत का येणार, हे त्यात सांगायचं. काय लिहू? माझं सगळंच इथे आहे. शेवटी साधं सरळ लिहिलं. घरी नवरा आणि ८४ वर्षांच्या सासूबाई आहेत, घर माझ्या आणि ह्यांच्या नावावर आहे, कर पावती जोडली आहे, आणि दर नोव्हेंबरात मला हयातीचा दाखला द्यावा लागतो, नाही तर पेन्शन थांबते. नावांचा खुलासा त्याच पत्रात चार ओळींत केला आणि कोणत्या पानावर कोणता पुरावा आहे ते लिहिलं.

ऑगस्टमध्ये मुंबईची वेळ मिळाली. नागपूरहून दुरांतोने रात्री निघाले, सकाळी सीएसएमटी. अर्ज केंद्रात ९० युरोंची व्हिसा फी रुपयांत भरली, वर केंद्राचा सेवाशुल्क. जूनपर्यंत ही फी ८० होती. मग बोटांचे ठसे. चार बोटं उजव्या हाताची, चार डाव्या हाताची, मग दोन्ही अंगठे. एकतीस वर्षं खडू धरलेली आणि त्याहून जास्त वर्षं भांडी घासलेली माझी बोटं यंत्राला कधी दिसत नाहीत. आधारच्या वेळी हेच झालं, हयातीच्या दाखल्याच्या वेळीही होतं. काचेवर हिरवा दिवा लागेना. दोनदा झालं. मग मी बोटं कपाळावर घासली, चेहऱ्याचं तेल बोटांना लागू दिलं आणि पुन्हा दाबून धरली. उजवा अंगठा चौथ्या वेळी उमटला. काउंटरवरची मुलगी घाई न करता थांबली होती, तिचे आभार मानावेत तितके थोडे. ज्यांचे ठसे उठत नाहीत त्यांनी आधीचे आठ-दहा दिवस रात्री हाताला खोबरेल तेल लावावं, पण त्या दिवशी हात स्वच्छ धुवून जावं.

बाराव्या दिवशी कुरिअरने पासपोर्ट घरी आला. ह्यांनी लिफाफा फोडला, मला धीर नव्हता. स्टिकरवर १४ ऑक्टोबर ते २७ नोव्हेंबर अशा तारखा होत्या, पण राहण्याचे दिवस ३०. हे प्रत्येकाने नीट वाचावं. शेवटची तारीख २७ असली तरी १४ ऑक्टोबरला पोहोचल्यावर मला १२ नोव्हेंबरपर्यंतच राहता येणार होतं. पोहोचण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस मोजतात.

मग बॅग. नातेवाईक संत्रा बर्फीचे डबे घेऊन आले, ते मी हात जोडून परत केले. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. संत्रीही नेता येत नाहीत, बहुतेक ताज्या फळांना रोपांच्या आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. नागपूरची आई लेकीकडे संत्र्याविना निघाली, याचं मला खरंच वाईट वाटलं. भिवापुरी मिरचीचं तिखट, सांडगे, कुरडया, भाजणी, चिवडा एवढं नेलं. प्रत्येक पुडीवर आत काय आहे ते इंग्रजीत लिहिलं. रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत घेतल्या.

दसरा होऊन दोनच दिवस झाले होते, दीक्षाभूमीवर आलेली माणसं अजून रस्त्यांवर दिसत होती. पहाटेचं विमान, नागपूर ते दोहा, तिथून फ्रँकफर्ट. तिथल्या अधिकाऱ्याने तीन प्रश्न विचारले. कशासाठी, किती दिवस, परतीचं तिकीट. एवढ्या मेहनतीने जुळवलेली फाइल मी छातीशी धरून उभी होते, त्याने फक्त तिकीट पाहिलं आणि शिक्का मारला.

बाहेर लेक उभी होती, वर्षभरात बारीक झालेली. आगगाडीने आखेनला पोहोचायला संध्याकाळ झाली. वसतिगृहाच्या कार्यालयात पाहुण्याची नोंद करायची होती. अर्जात नात्याचा रकाना होता. लेकीने त्यात जर्मनमध्ये "मुटर", म्हणजे आई, असं लिहिलं. मी सवयीने फाइलची दोरी सोडायला लागले. समोरच्या बाईंनी कागदावर नजर फिरवली, माझ्याकडे बघून मान डोलावली आणि खोलीची दुसरी किल्ली माझ्या हातात दिली.