मांडणी

दिवाळीआधी भिंतींना चुना लागला की आमच्या घरची मांडणी रिकामी होते. गुंड, गंज, कोपरं, गडवे, सगळं पितळ अंगणात येतं आणि चिंच-राखेनं घासून घेत उन्हात लखलखत बसतं. यंदा ते परत फळ्यांवर लावायचं काम माझ्याकडे आलं.

मी मोठा गुंड वरच्या फळीच्या बरोबर मधोमध ठेवला. दोन्ही अंगांना दोन-दोन गंज. आई दारातूनच म्हणाली, "मंदात काहून ठेवतं त्याले? नवरदेव हाय का तो?"

तिनं गुंड डावीकडे सरकवला. त्याच्या खांद्याला खांदा लावून तीन गंज उतरत्या क्रमानं. मग वीतभर जागा मोकळीच सोडली आणि पार उजव्या टोकाला एकच गडवा ठेवला, छोटासा, पण सगळ्यांत चकचकीत. मोकळ्या जागेत मी कोपर ठेवायला गेलो तर म्हणाली, "राहू दे. त्यायले दम घ्याले जागा लागते."

शाळेत चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत स्थिरचित्राला मी नेमकं असंच सगळं मधोमध मांडलं होतं. पाण्याचा जग कागदाच्या पोटात, बाजूला फळं शिपायांसारखी. 'सी' ग्रेड मिळाली. समतोल म्हणजे दोन्हीकडे सारखं, हीच माझी समजूत. देव्हाऱ्याला आणि ठिपक्यांच्या रांगोळीला ते शोभतंही, नाही असं नाही. पण कापसाची गाडी भरणाऱ्याला विचारा. बोजा मागं गेला की गाडी उलार होते. मग एखादं छोटं गाठोडं पुढं, धुरेकडे सरकवलं तरी जमतं. वजन किती यापेक्षा ते आसापासून किती लांब, यावर खेळ. चित्रातही लांबचा छोटा, उजळ ठिपका जवळच्या थोराड वस्तूला तोलून धरतो. आईचा गडवा तेच करत होता.

मोबाईलच्या कॅमेऱ्यात दोन उभ्या, दोन आडव्या रेषा दिसतात, त्या 'तृतीयांशाच्या नियमा'च्या, म्हणजे चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन सारखे भाग करायच्या. हे नाव १७९७ मध्ये जॉन थॉमस स्मिथ या इंग्रजानं दिलं, तेही खेड्यातल्या देखाव्यांबद्दल लिहिताना. आभाळ आणि जमीन अर्धी-अर्धी करू नका, एकीला दोन तृतीयांश द्या, असा त्याचा आग्रह. आमच्या काळ्या रानात उभं राहिलं की मला ते पटतं. मे महिन्यात तर आभाळाला द्यावं तेवढं थोडंच.

मराठीत चित्रातल्या कॉम्पोझिशनला मांडणी म्हणतात आणि भांड्यांच्या फळ्यांनाही मांडणीच. हे मला चाळिशीत सुचावं!

मी कॅमेऱ्यातल्या रेषा लावून, गुंड त्यांच्या डावीकडच्या छेदावर आणून ऐटीत फोटो काढला. आईनं तो डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला.

"गुंड बेस आला. पन माहा गडवा कुठी गेला?"

चौकटीबाहेर राहिला होता. मी दोन पावलं मागं सरकलो.