तुम्ही विचारलंत म्हणून: आठच विमानं का?

"सराव सत्राला आठच पायलट कशाला? खुलं ठेवा, चाळीस येतील." व्हॅटसिमवर, म्हणजे घरच्या संगणकावरून विमानं उडवायच्या आणि त्यांचं हवाई नियंत्रण करायच्या ऑनलाइन नेटवर्कवर, मुंबईचं सत्र जाहीर केलं की दर वेळी हे ऐकतो. एकदा नीट सांगतो.

सत्र शिकणाऱ्या कंट्रोलरसाठी असतं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या, ०९/२७ आणि १४/३२, एकमेकींना छेदतात. म्हणजे सगळी उतरणारी विमानं २७ वर एका रांगेत, आणि उडणारी त्यांच्या मधल्या फटीत. अप्रोचवर, म्हणजे येणाऱ्या विमानांची रांग लावणाऱ्या जागेवर, एका विमानाला पहिल्या कॉलपासून धावपट्टी सांभाळणाऱ्या टॉवरकडे सोपवेपर्यंत सातेक सूचना लागतात. सूचना आणि रीडबॅक (पायलटने ती परत म्हणून दाखवणं) धरून प्रत्येकी दहा सेकंद. तीस विमानांची बेरीज ३५ मिनिटं होते, तीही कोणी "से अगेन", पुन्हा सांगा, म्हटलं नाही तर. नवख्याला विचार करायला वेळ कुठे उरला?

दोन वर्षांपूर्वी मीच म्हणायचो, गर्दीशिवाय कंट्रोलर घडत नाही. त्या हट्टापायी एका शनिवारी सत्र खुलं ठेवलं. अप्रोचवर एस-३ ची, म्हणजे अप्रोच कंट्रोलरच्या परीक्षेची, तयारी करणारा मुलगा. पंचवीस मिनिटं त्याने छान सांभाळली. मग फायनलवर, म्हणजे धावपट्टीसमोरच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, एटीआर हे पंख्यांचं छोटं विमान १० मैलांवर आणि त्याच्या मागे ४ मैलांवर एअरबस ए३२०. दोन विमानांत अंतराचा नियम ३ मैलांचा, म्हणून त्याला ४ पुरेसे वाटले. पण एटीआर १२० नॉट्सने येतं, एअरबस १४० ने. एटीआरला १० मैलांना पाच मिनिटं लागतात, तेवढ्यात एअरबस पावणेदोन मैल जवळ सरकतं. सुरुवातीलाच ५ तरी हवे होते. टॉवरने एअरबसला गो-अराउंड दिला, म्हणजे न उतरता पुन्हा वर जायला सांगितलं, आणि ते परत अप्रोचच्या गळ्यात पडलं. त्याला जागा करायला मुलाने पुढच्या विमानाला ३६० हेडिंग, म्हणजे थेट उत्तरेची दिशा, दिलं आणि विसरला. ते ठाण्याच्या पुढे सरळ उत्तरेला निघालं. पायलट तीनदा विचारत होता, प्रत्येक वेळी दुसऱ्या कोणाचा पहिला कॉल त्याच्यावर चढत होता. मुलाने बटण दाबल्याचा दिवा लागलेला दिसत होता, आवाज नव्हता. मी न विचारता, सगळ्यांच्या देखत फ्रिक्वेन्सी घेतली, म्हणजे त्याच्या जागी स्वतः बोलायला लागलो. तो लॉगआउट झाला. त्याने पुन्हा सत्र मागितलं नाही.

चार मैल त्याने ठेवले, पण रांगेत एवढी विमानं मी आणली होती. आणि फ्रिक्वेन्सी घेण्याआधी "मी घेतोय" एवढं खाजगी चॅटवर सांगायला पाच सेकंद लागले असते.

आता आधी स्वेटबॉक्स या सरावाच्या वेगळ्या सर्व्हरवर दोन बैठका, तिथे एकच माणूस कीबोर्डवरून सगळी विमानं चालवतो. मग शनिवारी रात्री ९, म्हणजे १५३० झुलू (जागतिक प्रमाणवेळ). आठ पायलट, उतरले की पुन्हा उडून रांगेत येतात. पहिली वीस मिनिटं दर चार मिनिटांनी एक विमान, मग दर तीन मिनिटांनी, शेवटची पंधरा मिनिटं दर दोन मिनिटांनी. एका पायलटला गुपचूप सांगतो, उंची चुकीची रीडबॅक कर. दुसऱ्याला सांगतो, गो-अराउंड कर. ते कधी करायचं हे मी ठरवतो, कंट्रोलर सावरलेला असेल तेव्हाच. धावपट्टी २७ वरून १४ ला एकदाच बदलतो. गणपतीत सत्र ठेवत नाही, माइकमधून ढोल-ताशा येतो आणि रीडबॅक कळत नाही. नंतर अर्धा तास रेकॉर्डिंग लावून बसतो. तो अर्धा तास सोडून जाणाऱ्याला पुढच्या वेळी बोलावत नाही, याबद्दलही रागावता तुम्ही. रागवा.

तुमचं एक म्हणणं मात्र खोडता येत नाही. आठ विमानांवर पास झालेला कंट्रोलर मोठ्या फ्लाय-इनच्या, म्हणजे सगळे एकाच विमानतळावर गर्दी करतात त्या, रात्री गांगरतो, हे मीही पाहिलंय. मधली पायरी कुठे, हे मला अजून सापडलेलं नाही. पुढच्या शनिवारी बारा ठेवून बघतोय. येणार असाल तर एटीआर घेऊन या, सगळे एअरबसच आणतात.