कॉलेज हॉकी आणि वयाचं गणित

मिशिगनमध्ये राहून मी एनएचएल, म्हणजे आइस हॉकीची व्यावसायिक लीग, फारशी बघत नाही म्हटलं की ऑफिसातले लोक माझ्याकडे कीव आल्यासारखे बघतात. बघू देत. मला नाद आहे तो कॉलेज हॉकीचा, आणि त्यातही आमच्या कालामाझूच्या वेस्टर्न मिशिगन युनिव्हर्सिटीच्या संघाचा.

२०२२ पर्यंत या संघानं राष्ट्रीय स्पर्धेत एकही सामना जिंकला नव्हता. २०२५ मध्ये तोच संघ अजिंक्य ठरला. उपांत्य फेरीत समोर होतं डेन्व्हर: दहा विजेतेपदं खिशात आणि आदल्याच वर्षीचा विजेता. सामना दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये गेला, तिथे अवघ्या २६ सेकंदांत ओवेन मायकल्सनं गोल मारला आणि विषय संपला. मग अंतिम सामन्यात बोस्टन युनिव्हर्सिटीला ६-२ असं धुतलं.

याला नुसता चमत्कार म्हणून सोडून द्यायला माझी तयारी नाही. यामागे वयाचं गणित आहे. नामांकित कॉलेजांकडे अठरा वर्षांची, एनएचएलनं आधीच हेरून ठेवलेली पोरं येतात आणि वर्ष-दोन वर्षांत निघूनही जातात. मॅकलिन सेलेब्रिनी बोस्टन युनिव्हर्सिटीत एकच हंगाम खेळला, कॉलेज हॉकीतल्या सर्वोत्तम खेळाडूचा होबी बेकर पुरस्कार घेतला आणि चालता झाला. बाकीची मुलं शाळेनंतर एक-दोन वर्षं ज्युनियर लीगमध्ये, म्हणजे कॉलेजआधीच्या तरुणांच्या स्पर्धांत, घासतात आणि विशीत कॉलेजला येतात. छोट्या कॉलेजांचा भरवसा यांच्यावर. कोपऱ्यात, काचेला चिकटून पकसाठी (चेंडूऐवजी वापरतात ती रबरी चकती) झटापट चालते तेव्हा चोवीस वर्षांच्या खांद्यापुढे अठरा वर्षांची कलाकारी बरेचदा आपटते. त्यात राष्ट्रीय स्पर्धा सोळा संघांची, एक हरलात की घरी. २०१४ च्या अंतिम सामन्यात छोट्या युनियन कॉलेजनं बलाढ्य मिनेसोटाला ७-४ हरवलं, तेव्हा तिथे खेळाडूंना क्रीडा शिष्यवृत्तीसुद्धा मिळत नव्हती! असंच छोटं क्विनिपियॅक, त्यानं २०२३ च्या अंतिम सामन्यात त्याच मिनेसोटाला ओव्हरटाइमच्या दहाव्या सेकंदाला गारद केलं. मिनेसोटावाल्यांपुढे हा विषय काढू नये.

महिलांची हॉकी तर लोक उगाच दुर्लक्षित ठेवतात. २०२५ च्या अंतिम सामन्यात विस्कॉन्सिन पिछाडीवर, घड्याळात १८.९ सेकंद. पेनल्टी शॉट मिळाला, कर्स्टन सिम्सनं तो घातला आणि ओव्हरटाइममधला विजयी गोलही तिचाच. विस्कॉन्सिनचे कोच मार्क जॉन्सन म्हणजे १९८० साली लेक प्लॅसिडच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून सोव्हिएत संघाविरुद्ध दोन गोल मारणारे. तो अमेरिकन संघही कॉलेजच्याच पोरांचा होता.

पैसाही आता भरपूर आलाय. पेन स्टेट युनिव्हर्सिटीला उद्योगपती टेरी पेगुलांनी आठ कोटी ऐंशी लाख डॉलर दिले आणि त्यातून रिंक आणि पहिल्या श्रेणीचा संघ उभा राहिला. वाळवंटातल्या अ‍ॅरिझोना स्टेटलाही स्वतःचा संघ आहे.

पण खरी उलथापालथ वेगळीच. कॅनडाच्या मेजर ज्युनियर लीगमध्ये (तिथली सर्वांत वरची ज्युनियर लीग) खेळलेल्या मुलांना कॉलेजचे दरवाजे इतकी वर्षं बंद होते, कारण तिथे हातखर्चाला पैसे मिळतात, म्हणून ती व्यावसायिक धरली जायची. नोव्हेंबर २०२४ मध्ये एनसीएएनं, म्हणजे कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेनं, ही अट काढली आणि पुढच्याच उन्हाळ्यात तिथे गाजलेल्या गॅव्हिन मॅककेनासारख्या पोरानं पेन स्टेट निवडलं. दर्जा वाढणार, यात वाद नाही. मॅककेनाचे सामने मीही बघणार.

मला धास्ती आहे ती जागांची. संघात जागा मोजक्याच. कॅनडातून तयार खेळाडू येणार असतील, तर उशिरा बहरणाऱ्या, कुणी न हेरलेल्या वीस वर्षांच्या पोराला थांबवून कोण ठेवेल? छोट्या कॉलेजांची ताकद तर त्याच पोरांत होती. काहीजण म्हणतात, मोठ्यांकडून वगळलेले चांगले खेळाडू आता खाली झिरपतील आणि छोट्यांचंही भलं होईल. असेलही. पण मोठ्या कॉलेजांचे खिसे बघता माझा त्यावर विश्वास बसत नाही.