मैंदर्गीच्या पुढचे अडीच तास

२०२२ च्या मार्चमधली गोष्ट. माझी क्रूझर जीप २०१४ ची, आर्णी तालुक्यातल्या एका गावातून चालते. लग्न, दवाखाना, देवदर्शन, जे मिळेल ते भाडं. त्या वर्षी भाडी भरपूर होती, कारण एसटीचा संप. दिवाळीपासून लाल गाडी गावात आलीच नव्हती. आमच्याकडची म्हातारी माणसं देवाला जायची तर एसटीनेच, ज्येष्ठांना अर्धं तिकीट म्हणून. ते दार बंद झालं होतं. पण कापूस दहा हजारांच्या वर गेला होता, कैक वर्षांनी घराघरांत पैसा खुळखुळत होता. मग बचत गटाच्या नऊ बायका आणि भजनी मंडळातले दोन काकाजी असे अकरा जण जमले. तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, पंढरपूर. चार दिवस, उक्ते अठरा हजार. डिझेल, टोल, कर्नाटकचं परमिट, सगळं माझ्याकडे. होळीच्या आदल्या दिवशी माझ्या ओट्यावर बसून ठरलं.

उक्तं ठरवताना मला कळत नव्हतं असं नाही. डिझेलचा भाव २०१७ च्या जूनपासून रोज सकाळी सहाला बदलतो म्हणतात, पण ४ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, केंद्राने डिझेलवरचं उत्पादन शुल्क १० रुपयांनी उतरवलं आणि त्यानंतर साडेचार महिने पंपावरचा आकडा खिळा ठोकल्यासारखा जागेवर होता. मध्ये युक्रेनची लढाई सुरू झाली, तेल भडकलं, तरी इथे पैसा हलला नाही. पाच राज्यांच्या निवडणुका होत्या. निकाल १० मार्चला लागले. आता वाढणार, हे पानटपरीवरचं पोरगंही सांगत होतं. तरी मी अठराच म्हणालो. वीस म्हणालो असतो तर गावातल्या दुसऱ्या क्रूझरवाल्याने साडेसतरा सांगून भाडं उचललं असतं.

२२ मार्चला सकाळी ८० पैसे चढले. २३ ला पुन्हा ८०. २४ ला नाही, म्हणून जरा श्वास घेतला, तर २५ ला परत. आपल्याकडे व्हॅट शेकड्याने लागतो, त्यामुळे दिल्लीत ८० वाढले की इथे त्याच्या वर चार-पाच पैसे आणखी. भाडं ठरलं तेव्हा डिझेल त्र्याण्णवला होतं. २८ च्या रात्री आर्णीला टाकायला गेलो तेव्हा सत्त्याण्णव. पंपावर ही गर्दी. सकाळी सहाच्या आत टाकी भरायची म्हणून ट्रॅक्टरवाले ड्रम घेऊन उभे.

मी मात्र टाकी फुल केली नाही. त्यामागे माझं डोकं होतं. कर्नाटकाने दिवाळीत केंद्राच्या कपातीवर स्वतःचे सात रुपये आणखी उतरवले होते, त्यामुळे तिकडे डिझेल आपल्यापेक्षा सात-आठ रुपयांनी स्वस्त. म्हणजे सीमेपर्यंत पुरेल एवढंच इथून न्यायचं, टाकी रिकामी करत पोचायचं आणि तिकडे पहिल्या पंपावर गळ्यापर्यंत भरायची. सीमा पावणेपाचशे किलोमीटर. गाडी बाराचा अ‍ॅव्हरेज देते. चार हजारांचं टाकलं, एक्केचाळीस लिटर झालं. टाकीत आधीचं दोनेक लिटर असेल. पाचशे किलोमीटर आरामात. असा हिशोब रात्री पंपावर उभ्या उभ्या केला आणि स्वतःवरच खूश झालो.

२९ ला पहाटे निघालो. महागाव, उमरखेड, नांदेड, लातूर, रस्ता आता एक नंबर झालेला. तुळजापुरात देवीचं दर्शन झालं, रात्री भक्तनिवासात जेवणं झाली, आणि मी विषय काढला. डिझेल रोज वाढून राहिलं, उक्त्यात परवडत नाही, हजार रुपये वर द्या.

बचत गटाच्या अध्यक्ष मावशी आमच्या या यात्रेच्या खजिनदारही होत्या. सातवी शिकलेल्या, पण गटाची वही पंधरा वर्षं त्यांच्याच हातात. त्यांनी विचारलं, "किती लिटर लागते रे सगळं मिळून?"

"सव्वाशे-दीडशे लागते, मावशी."

"सव्वाशे का दीडशे?"

मी गप्प. काकाजी मध्ये पडले, "वाढलं त हायेच ना, देऊन टाका." मावशी म्हणाल्या, "देऊ ना. चिठ्ठ्या ठेव पंपाच्या. गावात गेल्यावर पाहू." आणि अंथरूण टाकून झोपल्या. मला ते फार लागलं. आपण काय चोर आहोत, असं वाटलं. खरं सांगायचं तर अर्धा चोर होतोच, कारण दीडशेचा आकडा मी हवेतून काढला होता.

३० ला पहाटे चारला तुळजापूर सोडलं. सगळ्यांचा जीव गाणगापूरच्या दुपारात अडकलेला. दुपारी बाराला तिथे माधुकरी मागतात. दत्तमहाराज स्वतः कोणत्या ना कोणत्या रूपात भिक्षेला येतात, ही श्रद्धा. बायकांनी त्यासाठी घरून नव्या झोळ्या शिवून आणल्या होत्या. अक्कलकोटला स्वामींचं दर्शन साडेनवाला आटोपलं. गावाबाहेर पंप होता, भाव नव्याण्णवला टेकलेला. काटा लाल पट्टीत. मागून एक बाई म्हणालीही, "दादा, इथं टाकून घ्या ना." मी म्हणालो, काटा खराब आहे, अजून सात-आठ लिटर आहे.

मैंदर्गी ओलांडली आणि तीन-चार किलोमीटरवर गाडीने दोन आचके दिले. तिसऱ्याला बंद.

डिझेल गाडी कोरडी पडली की एअर धरते, म्हणजे नळ्यांत हवा अडकते, हे चालवणाऱ्याला सांगायला नको. नुसतं डिझेल टाकून ती चालू होत नाही. मला घाम फुटला तो उन्हाने नाही. बाराचा अ‍ॅव्हरेज रिकाम्या गाडीचा असतो, ते मला रस्त्याच्या कडेला उभं राहिल्यावर आठवलं. माझ्या गाडीत बारा माणसं, टपावर गाद्या, गॅसची शेगडी, तांदळाचं पोतं, आणि वर ताडपत्री फुगून वारा अडवत होती. साडेदहाच निघाला होता.

त्या मार्चात ऊन कसं होतं, ते विदर्भातल्या माणसाने सांगावं असं. पण सोलापूरकडचंही काही कमी नव्हतं. लांब एक कडुलिंब होता, सगळे तिकडे गेले. कुणी मला बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. अर्ध्या तासाने एक मोटरसायकलवाला थांबला, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलणारा. त्याच्या मागे बसून कॅन घेऊन मैंदर्गीला गेलो, पाच लिटर आणलं. तो नको नको म्हणत होता, तरी दोनशे त्याच्या खिशात कोंबले. परत आलो, बॉनेट उघडलं, फिल्टरवरचा नट सैल केला आणि हातपंप मारायला लागलो. फेस येतो, बुडबुडे येतात, पुन्हा फेस. बुडबुड्यांची धार नितळ होईपर्यंत सोडायचं नसतं. नट आवळून सेल्फ मारला तर नाही. परत सैल, परत पंप. जुनी गाडी म्हणून हाताने जमलं, नवीन असती तर मेकॅनिकची वाट पाहत बसलो असतो. चौथ्या खेपेला धूर सोडत उठली. घड्याळात पाऊण वाजला होता.

गाडीत बसताना काकाजी एवढंच म्हणाले, "बारा त वाजले बाप्पा."

सीमेपलीकडे पहिल्या पंपावर एक्याण्णव. पंचावन्न लिटर भरलं. इतक्या हिकमतीने वाचवलेलं डिझेल टाकीत पडत होतं आणि मला त्या नळीकडे पाहवत नव्हतं.

गाणगापूरला पोचलो तेव्हा माधुकरी संपलेली, दारं पुढे झालेली, खरकटी ताटं घासायला निघालेली. नव्या झोळ्या घडीच्या घडीच. मी गाडी लावून येईपर्यंत मावशींनी निकाल दिला होता, "उद्या बारा वाजता मागू. मंग पंढरपूर." एक दिवस वाढला. त्याचे पैसे मागायची माझी टाप नव्हती. रात्री त्या गाडीशी आल्या, मी बोनटला टेकून बिडी ओढत होतो, ती टाकली.

"काऊन थांबला नाही अक्कलकोटले?"

खरं सांगितलं. सात-आठ रुपये लिटरमागे वाचत होते.

"आन मले इचारलं असतं त?" जरा वेळाने म्हणाल्या, "आमच्या कापसाचा भाव सकाळी येगळा, दुपारी येगळा रायते. गाडी भरून नेली आन भाव पडला, त आमी कोनाले वाटेत थांबवून हजार रुपये मागतो?"

यावर काय बोलणार. पण मनात आलं तेही लिहितो: कापूस घरात ठेवता येतो, भाव पडला तर महिनाभर थांबता येतं. माझा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातो.

३१ ला बाराला झोळ्या भरल्या. रात्री पंढरपूर, १ ला पहाटे विठ्ठल, आणि लगेच परतीला लागलो, कारण सगळ्यांना पाडव्याला घरी गुढी उभारायची होती. त्या दिवशी डिझेल वाढलं नाही, पण १ एप्रिल म्हणून टोल वाढला होता. तो आपल्या अंगावर. नांदेडच्या अलीकडे आठ लिटर टाकलं, शंभराला काही पैसे कमी.

२ एप्रिलला उजाडता गावात शिरलो. दारोदार वेळू धुणं चाललं होतं. मावशींनी आधी सामान उतरवून घेतलं आणि माझ्या बॉनेटवर वही उघडली. "चिठ्ठ्या दे."

दिल्या. त्र्याण्णव धरून वरचं मोजलं. आर्णीचे १६४ जास्त. मैंदर्गीचे ३०. नांदेडकडचे ५६. कर्नाटकातले ११० वजा. पेन्सिलने खाली रेघ ओढली आणि वही माझ्याकडे फिरवली. १४०.

मी दोनदा मोजलं. बरोबर होतं. दहा दिवस ज्यापायी झोप नव्हती, तो आकडा एवढा. मोटरसायकलवाल्याला त्याहून जास्त दिले होते.

त्यांनी बटव्यातून शंभराची एक आणि दहाच्या चार मोजून काढल्या. मी घेत नव्हतो. "घे," म्हणाल्या, "आन सही कर इथं. गटाच्या वहीत खाडाखोड नसते रायत."

सही करत होतो तेवढ्यात मोबाइल वाजला. शेजारच्या गावचं लग्न, २४ एप्रिलचं, माहूरजवळ. उक्ते किती घेशील, म्हणून विचारत होते. मावशी वही मिटून तिथेच उभ्या होत्या. मी म्हणालो, डिझेल त्या दिवशीच्या भावाने, तुमच्यासमोर टाकीन. समोरचा म्हणाला, मग दुसरीकडे पाहतो.