आरेतली ट्रेल शोधायला जाताय? हीटमॅप बंद करा आणि आधी हे वाचा

सरळ मुद्द्यावर येतो. गोरेगावच्या आरे कॉलनीत आम्ही सायकलची ट्रेल, म्हणजे झाडीतली कच्ची वाट, शोधायला आणि साफ करायला गेलो होतो. आरेत पाड्यांच्या मागून जाणारी जी वाट एका अ‍ॅपच्या हीटमॅपवर (लोक जिथून गेले त्या वाटा उजळून दाखवणारा नकाशा) जाडजूड चमकते आणि जिच्याखाली कोणीतरी "फुल रायडेबल, एंट्री जेव्हीएलआरच्या बाजूने" असं लिहून ठेवलंय (जेव्हीएलआर म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड), ती त्या बाजूने चालू होत नाही. पूर्वी होत असेल. आता तिथे एका मोठ्या संकुलाच्या मागे उंच भिंत आहे, भिंतीला गेट आहे, गेटवर खुर्ची टाकून एक माणूस बसलाय आणि तो सायकलमागे १०० रुपये मागतो. पावती विचारली तर म्हणाला पावती नसते, "मेंटेनन्स" आहे. आत सोडल्यावर कसला मेंटेनन्स ते दिसलंच, दोनशे मीटरवर राडारोड्याचा ढीग आणि त्याच्या पलीकडे वाटच नाही. पैसे परत मागितले तर ओळखच दाखवेना. एक रुपया देऊ नका तिथे. त्यात आम्ही ठाण्याहून सायकली टेम्पोत टाकून आणलेल्या, आठशे ठरले होते आणि उतरल्यावर टेम्पोवाला पंधराशेवर अडून बसला, घाट चढावा लागला म्हणे. ठाणे ते जेव्हीएलआरमध्ये कुठला घाट आला हे मला अजून कळलेलं नाही. टेम्पो करूच नका. हायवेने पहाटे सायकल चालवत या, नाहीतर लोकलच्या मालडब्यातून गोरेगावला उतरून पूर्वेला बाहेर पडा, तिथून आरे चेकनाका अगदी जवळ आहे. लोकलने यायचं असेल तर पहिल्या गाड्यांनी या आणि रविवारी निघण्याआधी मेगा ब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद असतात तो) बघून घ्या, परतीच्या वेळेला हमखास तोच आडवा येतो.

हीटमॅपबद्दल एकदा नीट बोलायलाच हवं कारण सगळे त्याच्यामुळेच फसतात. त्याच्यावर रेघ दिसते म्हणजे तिथून कोणीतरी गेलंय एवढाच अर्थ. तो सायकल खांद्यावर घेऊन गेला, ढकलत नेली, की भिंत बांधायच्या आधी गेला, हे त्या रेघेवरून कळत नाही. ढकललेली सायकल पण राईड म्हणूनच नोंदली जाते. आणि दाट झाडीखाली जीपीएस दहा-पंधरा मीटर सहज सरकतं, म्हणजे ओढ्याच्या या काठाची वाट त्या काठाला दिसते आणि पावसाळ्यानंतर त्या दहा मीटरमध्ये तुम्ही छातीएवढ्या गवतात असता.

तर आम्ही गेटवरून मागे फिरून मॅपवर दुसरी जी एंट्री दिसत होती तिकडे वळलो. ती तबेल्यांच्या मागून जाते. या तुकड्याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे कारण माझ्या मते यापेक्षा वाईट काही आरेत नाही. आरेत तबेल्यांची युनिट्स आहेत, हजारो म्हशी आहेत, आणि त्यांच्यासाठी पॅरा गवत लावलेलं असतं, त्याला तबेल्याचंच शेणपाणी सोडतात. लांबून ते हिरवंगार मैदान वाटतं आणि मधून एक छान सपाट पट्टा गेलेला दिसतो. तो पट्टा म्हणजे पाणी सोडायचा पाट आहे. वर साय धरल्यासारखा सुकलेला थर आणि खाली मांडीपर्यंत शेणाचा चिखल. माझं पुढचं चाक हबपर्यंत आत गेलं, मी हँडलवरून पुढे, आणि मित्र मला ओढायला आला तर त्याचे दोन्ही बूट आतच राहिले, हात घालून शोधावे लागले. चेन, कॅसेट, बॉटम ब्रॅकेट सगळीकडे शेण, आणि ते सुकलं की सिमेंट होतं. डिस्कच्या पॅडमध्ये जे गेलं ते अजून पूर्ण निघालेलं नाही, ब्रेक दाबला की किंचाळतो. जेमतेम तीनशे मीटरला आमचा दीड तास गेला. तबेल्यातले भैया लोक चांगले होते, पाण्याचा पाइप दिला त्यांनी, पण त्यांनीच सांगितलं की दर रविवारी कोणीतरी सायकलवाला इथे अडकतो. म्हणजे त्या ट्रॅकखाली वाहवा लिहिणाऱ्यांपैकी एकालाही पुढच्यांना सावध करावंसं वाटलं नाही. या गोष्टीचा मला खरंच राग आहे. फोटो टाकता तर चिखल पण टाका ना.

आता खरी एंट्री. चेकनाक्यावरून आरे रोडने पिकनिक पॉइंटच्या चौकात या, आत वळा, आणि पहिला पाडा लागला की सायकलवरून उतरा. उतरा म्हणजे उतराच. आरेत २७ पाडे आहेत, वारली लोकांची जुनी वस्ती आहे, आणि तुम्ही ज्याला सिंगलट्रॅक (एका सायकलपुरती अरुंद वाट) म्हणता ती त्यांची पाण्याची, शाळेची, वाडीवर जायची वाट आहे. कुठल्या पाड्यातून गेलो ते मी इथे लिहीत नाही आणि ट्रॅकही टाकणार नाही. विचारत गेलात तर मिळेल, विचारायचं नसेल तर मिळू नये असंच मला वाटतं.

कारण ऐका. आम्ही पाड्यात पोचलो तेव्हा अंगाला शेण, हातात वाट साफ करायला आणलेला कोयता, आणि समोर एक मावशी उभ्या. त्यांनी आधी सायकलीकडे बघितलं, मग कोयत्याकडे, आणि म्हणाल्या, "परत कुंपण तोडायला आलात काय?" आम्हाला कळेना. मग त्यांचा मुलगा आला, आमच्याच वयाचा, त्याने वरती नेऊन दाखवलं. करवंदाच्या जाळीची एक लांब ओळ, आणि तिच्यात सायकलचं हँडल जाईल एवढं बरोबर मापाचं भगदाड. हीटमॅपवरची रेघ बरोबर त्या भगदाडातून जाते. ती जाळी म्हणजे रान माजलेलं नव्हतं, ते त्यांच्या वाडीचं कुंपण होतं, काट्यावर काटा वाढवत बापजाद्यांनी धरलेलं. पावसाळ्यात कोणीतरी "ट्रेल क्लिअर" करून गेला, त्याच्या मागून मोकाट म्हशी आत शिरल्या आणि भेंडी, काकडी सगळं खाऊन तुडवून गेल्या. एका पावसाची भाजी म्हणजे त्यांचे वर्षाचे पैसे. तो शांतपणे सांगत होता, आवाजसुद्धा चढवला नाही त्याने. माझ्याच्याने तिथे उभं राहवत नव्हतं.

मग त्या दिवशी आमची पहिली "ट्रेल क्लिअरिंग" म्हणजे ते भगदाड बुजवणं. बोरीच्या वाळलेल्या फांद्या त्याने आणून दिल्या, आम्ही त्या तिथे आडव्या रोवून बांधल्या. त्यानंतर त्याने स्वतः वाडीला वळसा घालून जाणारी खरी वाट दाखवली, जी कुठल्याच अ‍ॅपवर नाही आणि उतारालाही कितीतरी चांगली आहे. तेव्हा पाड्यातल्या दादा लोकांना विचारायला लाजू नका, विचारल्याशिवाय काही तोडू नका.

काय तोडायचं हेही त्यानेच सांगितलं. घाणेरी आणि रानमोडी काढा, जेवढी काढाल तेवढी बरी, दोन्ही बाहेरून आलेली झुडपं आहेत आणि गुरंही तोंड लावत नाहीत. वाटेवर आडवं आलेलं गवत विळ्याने कापा. करवंदाला हात लावायचा नाही, उन्हाळ्यात पोरं खातात. कुडा, करवी तसंच ठेवा. झाडाची फांदी कितीही आडवी आली तरी करवत चालवायची नाही, मुंबईत झाडं तोडण्या-छाटण्याला १९७५ चा कायदा लागू आहे आणि पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, डोकं वाकवून खालून जा. शिवाय आरेतली ८१२ एकर जागा २०२१ पासून राखीव वन म्हणून वनविभागाकडे आहे, आणि उत्तरेला नॅशनल पार्कची हद्द चिकटून आहे. या दोन्हीत गवताची काडीसुद्धा कापू नका, सायकल घालू नका, तिथे कोयत्यासकट सापडलात तर केस होते आणि व्हायलाच पाहिजे. पूर्वेला विहार तलावाची बाजू पालिकेच्या पाणीपुरवठ्याची, तिथेही बंदी आहे. हद्द कुठे संपते ते पाड्यातल्या माणसाला पक्कं माहीत असतं, मॅपला नाही.

कामाचं बोलायचं तर कापणं हा सोपा भाग आहे, खरं काम पाण्याचं. मुंबईत पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि वाट जर सरळ उताराला असेल तर ती वाट राहतच नाही, पहिल्या जुलैमध्ये तिची घळ होते, माती जाते आणि सुटे काळे दगड उरतात. आम्ही काय केलं तर उतारावर ठरावीक अंतराने वाटेला तिरकी आडवी चर खणली, खालच्या अंगाला तोंड उघडं ठेवलं, आणि काढलेला मुरूम चरीच्या खालच्या बाजूला दाबून बसवला म्हणजे सायकल वरून उसळत जाते आणि पाणी बाजूला पडतं. चर काटकोनात मारू नका, गाळाने भरते. पहार, कुदळ, घमेलं, विळा आणि पानं ओढायला दताळं एवढं पुरतं. दिवाळीनंतर लगेच करा, माती अजून ओली असते, जानेवारीत कुदळ टणकन वाजून परत येते. आणि कापलेलं गवत जाळायचं नाही, वणवा लागायला एक ठिणगी पुरते, ते बाजूला पसरून टाका.

खाजकुइलीची शेंग ओळखायला शिका. सोनेरी-तपकिरी मखमली, वाकलेली, दिसायला सुंदर. मित्राने वेल ओढली आणि लव सगळी मानेवर. चोळायचं नाही, पाणी लगेच मारायचं नाही, चिकटपट्टी लावून ओढून काढायची, मग साबण. आमच्याकडे पंक्चरच्या किटमध्ये इन्सुलेशन टेप होता म्हणून निभावलं, तरी तो माणूस रात्रभर झोपला नाही. वेल दिसली तर बुंध्याशी कापा आणि लांब काठीने बाजूला सारा.

बिबट्याबद्दल उगाच शौर्य दाखवू नका. आरेत बिबटे आहेत, २०२१ मध्ये लागोपाठ हल्ले झालेत. झाडीत वाकून किंवा उकिडवं बसलेला माणूस लहान दिसतो, आणि ट्रेलचं काम तर सगळं वाकूनच असतं. म्हणून एकाने कायम उभं राहायचं, मोठ्याने बोलत राहायचं, आणि ऊन चांगलं वर आल्यावरच कामाला लागायचं, चारच्या पुढे थांबायचं नाही. पहाटे हायवेने आलात तरी पाड्याच्या अलीकडे चहा पीत थांबा. पालापाचोळ्यात हात घालायचा नाही, आधी दताळं, कारण घोणस बरोबर पानांसारखीच दिसते. चावलं तर कापणं-चोखणं काही करू नका, १०८ ला फोन आणि थेट पालिकेचं मोठं रुग्णालय.

आता राईड. मला लिहिताना पण हसू फुटतंय इतकी भारी आहे. वरून ताडांच्या मधून सुटायचं, डावीकडे एक मोठा पाषाण, त्याला घासून वळण, मग आम्ही मारलेल्या चरींवरून तीनदा उसळी, आणि एकदम ओढ्याचं कोरडं पात्र. दोन-अडीच मिनिटांत संपते. संपते तिथून लगेच परत वर ढकलत नेली, अंगात त्राण नव्हतं तरी नेली. मुंबईत, हायवेपासून एवढ्या जवळ, हे असं काही आहे यावर विश्वास बसत नाही. ज्यांना रस्त्यावरची सायकलच आवडते त्यांना आरेचा डांबरी रस्ता आहे, तो छान आहे, त्याबद्दल सगळीकडे लिहिलेलं आहेच.

टायर ट्यूबलेसच लावून या, सीलंट (भोक आपोआप बुजवणारा द्रव) ताजं भरून. बोर, करवंद, खैर, तिन्हीचे काटे आहेत आणि ट्यूब असेल तर दिवसभर पंक्चरच काढत बसाल. हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल) पुरते, फुल सस्पेन्शनची गरज नाही. पाणी तीन लिटर, आत दुकान नाही. पाड्यातून पाणी मागू नका, त्यांनाच लांबून आणावं लागतं. वाटेवर कोणी चालत असेल तर सायकल थांबवून उतरायचं, घंटी मारत बाजूला व्हायला लावायचं नाही, सकाळी शाळेची पोरं असतात. आणि चारपेक्षा जास्त जणांनी एकत्र जाऊ नका.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आधी, चरींमधला गाळ काढायला आणि कुंपणाच्या त्या जागी नवीन काटे घालायला आम्ही परत जाणार आहोत, त्या दादाला तसं सांगून ठेवलंय. ज्याला यायचं असेल त्याने स्वतःचं घमेलं आणायचं, सायकल नाही आणली तरी चालेल.